पेटीच्या तळची वाळू

खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी दोन-तीन वर्षे नीट चालली, की तिच्या तळाची वाळू डोळ्यांत खुपू लागते. पांढरीशुभ्र आणलेली वाळू पिवळट-करडी झालेली असते. काचेला डोळा लावून पाहिले तर खालच्या थरात काळा पट्टाही दिसतो. मग सुट्टीचा मुहूर्त गाठून ती वाळू उपसली जाते, नळाखाली खळखळून धुतली जाते, नाहीतर फेकून देऊन नवी टाकली जाते. पेटी लखलखते. चार-पाच दिवसांनी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि एकेक करून मरतात. पाणी तर काचेसारखे नितळ असते. मग मासे मेले कशाने?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या शिक्षकांना हा प्रश्न कदाचित दूरचा वाटेल. या जिल्ह्याला कळसूबाईचे शिखर आहे, समुद्र नाही. पण तयार क्षारमिश्रण पाण्यात विरघळवून समुद्राचे पाणी आता कोठेही करता येते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, एवढेच त्याचे माप. शिवाय या प्रश्नाचे उत्तर ज्या वाटेने सापडले ती वाट समुद्रावरून कमी आणि शेतातून, सांडपाण्यातून, बारुदखान्यातून अधिक जाते. तिचा एक फाटा तर थेट नगरला येतो.

१८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी थोडेच होते, ते पुन्हा पुन्हा आणणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहण्याची युक्ती काढली. उघड्या खिडकीशी उभे राहून हे पाणी वरखाली ओतण्याचे काम बहुतेक वेळा घरच्या मोलकरणीकडे असे. विज्ञानाच्या इतिहासात तिचे नाव उरलेले नाही, पण खाऱ्या पाण्यात हवा मिसळणारे पहिले यंत्र तीच होती असे म्हणायला हरकत नाही. पुढे भांड्यात समुद्रशैवाल ठेवले गेले आणि प्रवाळ तीन वर्षांहून अधिक काळ जगले.

त्याच सुमारास लंडनमध्येच रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ निराळ्या दिशेने प्रयोग करीत होते. त्यांनी सुमारे १२ गॅलनच्या, म्हणजे ५५ लिटरच्या भांड्यात वाळू, चिखल आणि काही दगड घातले, त्यात पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनमासे सोडले. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून टाकल्या. गोगलगाईंनी कुजलेली पाने खाल्ली, पाणी निवळले, मासे जगले. १८५० साली वॉरिंग्टननी हे निष्कर्ष केमिकल सोसायटीपुढे ठेवले. मासे प्राणवायू घेतात, वनस्पती तो देतात, गोगलगाई घाण साफ करतात, असा त्यांचा हिशेब होता. समतोल मत्स्यालयाची ही कल्पना आपल्या पाठ्यपुस्तकांत जवळजवळ याच शब्दांत अजून नांदते आहे.

या हिशेबात वाळू कोठे होती? कोठेच नव्हती. ती वनस्पतींच्या मुळांना आधार म्हणून घातलेली होती. भांड्यातला सर्वांत मोठा कामगार अशा रीतीने हजेरीपटावर आलाच नाही.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिलिप हेन्‍री गॉस यांच्या साहाय्याने पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी गॉस यांचे मत्स्यालयावरील पुस्तक आले आणि इंग्लंडात घरोघर मत्स्यपेट्यांचे वेड पसरले. या वेडापायी हौशी लोकांनी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. त्याचे दुःख गॉस यांच्या मुलाने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. घरच्या पेट्यांतले बहुतेक जीव काही आठवड्यांत मरत, आणि हे वेड जसे आले तसे काही वर्षांत ओसरले. टिकली ती मोठी सार्वजनिक मत्स्यालये. त्यांचे श्रेय बरेचसे विल्यम आल्फर्ड लॉइड या माणसाला जाते. त्याने हॅम्बर्ग येथे १८६४ साली आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली उभारलेल्या मत्स्यालयांत पेट्यांच्या कितीतरी पट मोठा अंधारा हौद जमिनीखाली बांधला आणि पाणी पंपाने सतत फिरते ठेवले. पाणी निवांत अंधारात राहिले की सुधारते हे त्याला अनुभवाने कळले होते. का सुधारते ते मात्र त्या काळी सांगता येत नव्हते.

शोरा आणि सांडपाणी

आता मत्स्यालय थोडा वेळ बाजूला ठेवू आणि तोफेकडे वळू. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. निजामशाहीच्या पदरी असलेल्या मुहंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती घडवली. सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ पाहणारा माणूस तिच्या धातूकडे पाहतो, पण दारूवाचून तोफ म्हणजे नुसता नळा. दारूत कोळसा आणि गंधक थोडे असते, वजनाने सुमारे तीन-चतुर्थांश भाग असतो शोऱ्याचा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचा. हा शोरा खाणीत खणून मिळत नसे. गुरांचे गोठे, जुन्या भिंतींचे पाये, वस्तीची माती यांवर जो पांढरा फुलोरा येतो ती माती खरवडून, पाण्यात खळवून, लाकडाच्या राखेबरोबर उकळून तो काढावा लागे. हा धंदा करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. एकदा शोरा काढलेली माती तशीच पडू दिली आणि तिला गुरांचे मूत मिळत राहिले, की काही वर्षांनी तिच्यात पुन्हा शोरा भरतो. जुन्या पांढरीची माती आणून शेतात टाकण्याची आपल्या शेतकऱ्यांची चाल याच अनुभवाची बहीण आहे.

मुतातला अमोनिया मातीत पडून नायट्रेट कसा होतो? हवेतला प्राणवायू आणि मातीतला चुना यांची ती निव्वळ रासायनिक क्रिया असावी, असे रसायनशास्त्रज्ञ बराच काळ मानत होते. त्यात सूक्ष्मजीवांचा हात असू शकेल असा तर्क पाश्चरनी १८६२ साली केला होता. पुरावा आला तो पॅरिसच्या सांडपाण्यातून. हे पाणी शेतजमिनीतून मुरवून शुद्ध करता येईल का, याचा त्या वेळी विचार चालू होता. त्यासाठी तेओफिल श्लोझिंग आणि आशिल म्यूंत्झ यांनी सुमारे एक मीटर लांबीच्या काचनळीत वाळू व चुनखडीची पूड भरून तिच्यातून सांडपाणी अगदी संथ झिरपू दिले. त्यांचा १८७७ सालचा अहवाल आम्हांला प्रयोगरचनेचा नमुना वाटतो. पहिले वीस दिवस नळीतून अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. नंतर नायट्रेट दिसू लागले, वाढत गेले आणि शेवटी अमोनिया नाहीसाच झाला. ही क्रिया केवळ रासायनिक असती तर तिने पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवे होते. वीस दिवस वाट कोण पाहायला लावतो? ज्याला वाढायला वेळ लागतो तो. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद झाले, अमोनिया पुन्हा वाहू लागला. क्लोरोफॉर्म काढून घेतला तरी काम सुरू होईना. मात्र बागेतली थोडी माती पाण्यात कालवून ते पाणी नळीत ओतल्यावर काही दिवसांनी नायट्रेट परत आले.

ज्याची मत्स्यपेटी वाळू धुतल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी बिघडली त्याने हा उतारा पुन्हा एकदा वाचावा. त्याची पेटी म्हणजे श्लोझिंग-म्यूंत्झ यांची पहिल्या वीस दिवसांतली नळी.

ही बातमी इंग्लंडात ज्याने सर्वांत आस्थेने वाचली तो रॉथमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रातला रसायनशास्त्रज्ञ. त्याचे नाव होते रॉबर्ट वॉरिंग्टन! सोनमाशांच्या वॉरिंग्टनांचा हा मुलगा. वडिलांनी १८५० साली समतोल मत्स्यालय मांडले तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. या धाकट्या वॉरिंग्टनने मातीवर प्रयोग करून फ्रेंच निष्कर्ष खरे ठरवले, आणि पुढे जाऊन दाखवले की हे काम दोन टप्प्यांत होते. आधी अमोनियाचा नायट्राइट होतो, मग नायट्राइटचा नायट्रेट, आणि दोन्ही कामे वेगवेगळ्या जीवांची आहेत. वडिलांच्या भांड्यातल्या हिशेबात जो रकाना रिकामा होता तो मुलाने असा भरला. थोरले वॉरिंग्टन १८६७ सालीच वारले होते, त्यांना हे कळायचे राहिले.

मुलालाही एक गोष्ट साधली नाही. ते जीव वेगळे काढून वाढवणे त्याला जमले नाही. त्या काळी जिवाणू वाढवायचे ते सेंद्रिय पदार्थ असलेल्या जिलेटिनवर, आणि हे जीव त्यावर वाढायला तयार नसत. हे कोडे झुरिकमध्ये काम करणाऱ्या सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास सोडवले. त्याने त्यांना सेंद्रिय अन्न दिलेच नाही. अमोनिया, थोडे क्षार आणि कार्बन डायऑक्साइड एवढ्यावर ते वाढले. सूर्यप्रकाशावाचून, केवळ अमोनियाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगणारे सजीव! पण या ज्वलनातून ऊर्जा फार थोडी मिळते, म्हणून ते हळू वाढतात. नेहमीच्या कोलाय जिवाणूची संख्या चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होते. यांना अनेक तास, बहुधा एक दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतो. वाळू धुऊन गमावलेली वस्ती चार दिवसांत उभी राहत नाही ती यामुळे.

वाळूला मान

एवढे सगळे १८९० पर्यंत कळूनही मत्स्यालयवाल्यांपर्यंत पोचायला आणखी साठ-सत्तर वर्षे लागली. मातीचे शास्त्र शेतीखात्यात आणि माशांचे प्राणिसंग्रहालयात, अशी ही वाटणी. मद्रासच्या मरीनावर १९०९ साली सार्वजनिक मत्स्यालय झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली झाले. त्याला सुमारे आठ लाख रुपये खर्च आला, त्यांपैकी दोन लाखांची देणगी डी. बी. तारापोरवाला यांची. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले. २०१५ साली त्याचे नूतनीकरण झाले आणि त्यात काचेसारख्या ॲक्रिलिकचा बोगदा आला. महाराष्ट्रातल्या शाळांच्या कित्येक पिढ्यांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो तारापोरवालात. घाटावरून सहलीला आलेल्या मुलांनी काचेला नाक लावले ते माशांसाठी, वाळूसाठी नव्हे, हे साहजिकच आहे.

वाळूकडे नीट पाहिले जपान्यांनी. १९५८ साली साएकी यांनी बंदिस्त मत्स्यालयात किती माशांना किती गाळण-वाळू लागेल याचा हिशेब मांडला. १९६० नंतरच्या काही वर्षांत कवाई आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंची मोजदाद करून दाखवले की नायट्रीकरणाचे बहुतेक काम मोकळ्या पाण्यात चालत नाही, ते वाळूच्या कणांवर चालते. वाळूखाली जाळी ठेवून पाणी वाळूतूनच खाली खेचणारी गाळणी या काळात हौशी लोकांतही रुळली. १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी गाळणी बाजूला ठेवून जिवंत खडक, वाळू आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच प्रवाळ जगवल्याचे लिहिले. पुढे मोनॅको येथे जाँ जोबेर यांनी १९८० नंतरच्या दशकात जाड वाळूथर आणि त्याच्या खाली जाळीने राखलेली पाण्याची पोकळी अशी रचना केली. अशा थरात, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो तिथे, दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू मोकळा करतात. या विनायट्रीकरणाचा शोधही जुनाच, बोर्दो येथील गेयाँ आणि द्युपेती यांचा, १८८२ च्या सुमाराचा.

वाळूने परतफेड केली ती २००५ साली. अमेरिकेतल्या सिॲटल मत्स्यालयातील उष्ण कटिबंधीय सागरी पेटीच्या तळच्या खडीतून क्योनेके, स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमोनियावर जगणारा एक अतिसूक्ष्म जीव वेगळा काढला. तो जिवाणू नव्हताच, आर्किया या निराळ्याच गटातला होता. त्याला त्यांनी नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस असे नाव दिले. त्याचे भाऊबंद जगभरच्या समुद्रांत प्रचंड संख्येने आहेत आणि सागरातील नत्रचक्राचा मोठा भार त्यांच्यावर आहे, हे त्यानंतर उलगडत गेले. लाखो चौरस किलोमीटरच्या महासागरातली गोष्ट कळली ती पेटीच्या तळातून! दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोबॅक्टर करतो असे आपण फळ्यावर लिहितो, तेही मत्स्यपेट्यांपुरते दुरुस्त करायला हवे. १९९० नंतरच्या अभ्यासांत तिथे प्रामुख्याने नायट्रोस्पिरा सापडला. आणि २०१५ साली तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पिरा मिळाला. धाकट्या वॉरिंग्टनचा दोन कामगारांचा नियम सव्वाशे वर्षे टिकला, मग त्याला अपवाद सापडला.

बदलायचीच असेल तर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मासे मेले ते अमोनियाने. त्यातही खाऱ्या पाण्याची अडचण दुहेरी आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी मुक्त अमोनियाच माशांना अधिक विषारी, आणि त्याचे प्रमाण सामूवर ठरते. सामू ७ असताना ते जेमतेम अर्धा टक्का असते, समुद्राच्या पाण्याच्या ८.२ सामूला २५ अंश तापमानात सहा-सात टक्के. म्हणून गोड्या पाण्याची जी पेटी वाळू धुणे सहन करते तिच्याच आकाराची खारी पेटी ते सहन करीत नाही.

दुसरी अडचण काळ्या थराची. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. नदीच्या पाण्यात ते मिलिग्रॅमच्या मापात मोजावे लागते. वाळूच्या खालच्या थरात प्राणवायू संपला आणि नायट्रेटही संपले की काही जिवाणू सल्फेटवर भागवतात, आणि त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड होतो. लोहाशी संयोग झाला की तो काळा पडतो. वाळू जागच्या जागी असेपर्यंत हा वायू वर येतायेताच प्राणवायूशी संयोग पावून निष्प्रभ होतो, म्हणून काळा पट्टा दिसला एवढ्याने घाबरायचे कारण नाही. संकट येते ते मासे आत असताना सगळा थर एकदम ढवळला की. ही काळी वाळू बशीत काढून हवेवर ठेवली तर काही वेळात तपकिरी-करडी होते. विद्यार्थ्यांना हे जरूर दाखवावे.

म्हणून आमचा पहिला सल्ला वाळू न बदलण्याचाच. वरचा सेंटीमीटरभर थर नळीने ओढून साफ केला तर बहुतेक वेळा भागते. बदलणे भागच असेल तर दोन मार्ग आहेत. एक, पेटीचा चौथा-पाचवा हिस्सा घ्यायचा, तेवढीच वाळू काढायची, तिथे धुतलेली नवी टाकायची आणि दोन-तीन आठवडे थांबायचे. दर खेपेला अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे, ते शून्यावर आल्याखेरीज पुढच्या हिश्श्याला हात लावायचा नाही. दुसरा, थर फार जुना, जाड आणि काळा असेल तर मासे, खडक आणि वरचे नितळ पाणी आधी वेगळ्या टबात हलवायचे, तिथे हवा चालू ठेवायची आणि मगच तळ उपसायचा. कोणत्याही मार्गाने गेले तरी जुन्या वाळूचा वरचा थर दोन-चार मुठी कापडी पिशवीत बांधून नव्या वाळूवर ठेवावा. बागेतल्या मातीचे पाणी जे काम श्लोझिंगच्या नळीत करत होते तेच ही पिशवी करते. जुनी वाळू खळबळायची ती पेटीतल्याच पाण्यात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन म्हणजे या वस्तीला क्लोरोफॉर्मच. आणि पुढचे तीन-चार आठवडे माशांना अन्न निम्मेच घालावे.

नवी वाळू कोणती? प्रवरेची किंवा मुळेची घालू का, असे नगरकडचे शिक्षक विचारतात. ही वाळू बेसॉल्ट झिजून झालेली, काळसर, लोहचुंबक फिरवला तर त्याला कण चिकटतात. गोड्या पाण्याला ती चालते. खाऱ्या पेटीला चुनायुक्त वाळू बरी, कारण नायट्रीकरणात आम्ल तयार होते आणि थराच्या आत जिथे सामू उतरतो तिथे चुना थोडा थोडा विरघळून ते आम्ल मारतो. मात्र किनाऱ्यावरून प्रवाळ वा प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नयेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून प्रवाळांचा समावेश आहे, आणि गॉसच्या वाचकांनी किनाऱ्यांचे काय केले ते वर आलेच आहे.

खारी पेटी नसलेल्या शाळेलाही हा इतिहास वर्गात करून पाहता येईल. बूड कापलेल्या दोन प्लास्टिक बाटल्या उलट्या टांगाव्या, तोंडाला कापड बांधावे. दोन्हींत नदीची वाळू आणि मूठभर चुनखडीची पूड भरावी. एकीतले मिश्रण आधी अर्धा तास उकळून घ्यावे. कल्हईवाल्यांचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच, पण प्रयोगशाळेतला मिळाल्यास उत्तम. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम विरघळवून ठेवावा आणि त्यातले १० मिलिलिटर एका लिटर पाण्यात घालून हे पातळ पाणी रोज थोडे थोडे दोन्ही बाटल्यांत ओतावे. पाणी पावसाचे किंवा आर. ओ. यंत्राचे घ्यावे, विहिरीच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असू शकते. खाली जमणाऱ्या पाण्यातले अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मत्स्यपेटीच्या तपासणीसंचाने आठवड्यातून दोनदा मोजून विद्यार्थ्यांनी आलेख काढावा. न उकळलेल्या बाटलीत आधी नायट्राइटची टेकडी येईल आणि ती उतरताना नायट्रेट चढू लागेल. उकळलेल्या बाटलीत बराच काळ काहीच होणार नाही. पण प्रयोग तिथेच बंद करू नये. आणखी काही आठवड्यांनी त्या बाटलीतही नायट्रेट दिसू लागले, तर ते जीव आले कोठून, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.